बावीला पाणी आलं

३ फेब्रुवारी
पोचलो एकदाचे. धामणकर नाक्यावरून रिक्षात सामान कोंबलं, सामानावर सई. अंजूरच्या पलीकडचा हा पाडा; चहूकडे गोदामं, मधे बाळारामदादांचं घर, तिथेच उतरलोय. बोअरच्या पाण्यात युरेनियम निघालं म्हणून शुद्धीकरणाचं यंत्र बसवायला मला धाडलंय. बायकोची, विद्युल्लताची, परीक्षा आहे, म्हणून सहा वर्षांची लेक माझ्याबरोबर. दादांच्या बायकोने, ताईंनी, तिला आल्या आल्या कडेवर घेतलं. माझी पोर पळवणार ही बाई, असं दिसतंय. रात्री बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी. खूश आहे मी.

१० फेब्रुवारी
यंत्र सुरू झालं. नळाचं पाणी अगदी स्वच्छ. गाळून काढलेलं युरेनियम थोड्या खारट पाण्यात मागे उरतं. ते न्यायला टँकर हवा, आणि टँकरवाला फोन उचलत नाही. परसात जुनी विहीर आहे, इथे बाव म्हणतात. कैक वर्षं कोरडी ठाक. तूर्त पाइप तिच्यात सोडला. तिथलं कोण पितंय?

१९ फेब्रुवारी
सई सारखी पाणी मागते. नळाचं दिलं की तोंड फिरवते. ऊन वाढलंय, दुसरं काय. तरी मन थाऱ्यावर नाही.

२१ फेब्रुवारी
आज कळलं. बावीला पाणी आलं म्हणून ताईंनी तिची ओटी भरली. पहिला तांब्या कुमारिकेचा, म्हणून सईला पाजला. मग रोजच. कौतुकाने सांगत होत्या, "मशीनच्या पान्याला चव न्हाय. पोरीला बावीचाच पाजतंय मी."
ते विष मीच सोडलंय, म्हणालो. त्यांनीही प्यायलंय.
पाइप तोडला.

२२ फेब्रुवारी
डॉक्टर म्हणाले, तिला आधी तिथून हलवा. सामान घ्यायला परतलो, तर सई पुन्हा रिक्षात बसेना. हात सोडवून बावीकडेच पळते. पाइप नाही, तरी बाव काठोकाठ. चूळ भरून थुंकलो. खारट लागायला हवं होतं.
गोड आहे.

२३ फेब्रुवारी
यंत्र बंद केलं. पाणी काठावरून वाहतंय. ताई, दादा तिथेच बसलेत, ओंजळीने— हाक मारली, कोणी बघत नाही. सईला खोलीत कोंडलंय. आणि मी नळाचं शेवटचं प्यायलो ते कधी, आठवत—

२४ फेब्रुवारी
सईच्या खोलीचं दार उघडं. खिडकीतून सई दिसतेय, बावीच्या काठावर वाकलेली. पाय उचलत नाहीत. हाक मारायलाच हवी— घसा इतका कोरडा की आवाज फुटत नाही. शेजारी तांब्या भरलेला. मी भरला नव्हता. एकच घोट घेतो, म्हणजे हाक