मधाच्या रंगाचे खडे

३ तारीख, सोमवार
आज नव्या कामावर आले, ठकूला घेऊन. खोली छान आहे. ऊन सरळ गादीवर पडतं. ठकू उड्या मारून मारून दमली. हे बोटीवर कामाला गेल्यापासून लेकीसकट मला कुणी ठेवत नव्हतं, ह्या बाईंनी लगेच हो म्हटलं. मला मावशीच म्हण म्हणाल्या. ठकूची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं. काय गं हे घारे डोळे, अगदी मध, आईवर गेलेत. मग विचारलं, रडते का फार? म्हटलं छे, भारी हसरी आहे. बरं झालं म्हणाल्या.
माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षरं विसरू नयेत म्हणून रोज चार ओळी लिहीन, असं ह्यांना कबूल केलंय.

४ तारीख, मंगळवार
मावशींना जुने दागिने जमवायचा नाद आहे. सोनं नाही, सगळं खोटं, काचेच्या खड्यांचं. पण चमक अशी की खऱ्याने मान खाली घालावी. भिंतभर खण, खणात कापूस, कापसावर हार, पिना, कानातली. जुन्या बाजारातून, मोडीतून हुडकून आणलेली. ती मी पुसायची, कोरड्या ब्रशने. पाणी अजिबात नाही. काचेच्या मागे चंदेरी वर्ख असतो, तो उजेड परत फेकतो. पाणी शिरलं की वर्ख काळा पडतो. मग म्हणायचं खडा मेला. त्या जागी तसाच दुसरा बसवायचा. तो बोटाने धरायचा नाही, काडीला गरम मेण लावून उचलायचा. मधाच्या रंगाचा तेवढा कुठे मिळत नाही, म्हणाल्या.

६ तारीख, गुरुवार
घोळ झाला. कानातल्याच्या एका जोडीवर चिकट मळ होता. भांडी घासतच होते, हाताच्या सवयीने ती पण साबणाच्या पाण्यात बुडवली. दोन्ही खडे काळे पडले. मधाच्या रंगाचे. वाटलं, आता बाडबिस्तरा आवरा. पण मावशी ओरडल्या नाहीत. ठकूकडे बघत राहिल्या. असू दे म्हणाल्या, घरातच आहे.

७ तारीख, शुक्रवार
एका कानातल्यात नवा खडा बसलाय. लखलखतोय नुसता.
ठकूचा डावा डोळा कसातरीच दिसतो. लाल नाही, सुजला नाही. उजेड आत जातो, तो परत येत नाही. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितली. डोळा ठणठणीत आहे, उगाच घाबरता, म्हणाले.

८ तारीख, शनिवार
ठकू म्हणते एका डोळ्याने कापूस दिसतो. सगळा कापूसच. मी हसण्यावारी नेलं.
दुपारी ती माझ्याजवळ स्वयंपाकघरात होती. मावशी वर. ठकू म्हणाली, आता मावशींची मान दिसते, तीळ आहे मानेला.
वर गेले. मावशी आरशासमोर, ते एकच कानातलं घालून. केस बाजूला केले होते. तीळ आहे.

९ तारीख, रविवार
पळाले. बसच्या थांब्यापर्यंत. ठकू विचारते माझा डोळा तिथेच राहिला, तो कधी आणायचा. परत आले.
मावशी आंघोळीला गेल्या तेव्हा खण उघडला. खड्याखाली सुई घातली. खाली ठकू किंचाळली. सुई टाकली.

१० तारीख, सोमवार
पाय धरले त्यांचे. म्हणाल्या एकटं कानातलं काय कामाचं, जोडी लागते. म्हटलं माझे घ्या, माझे पण घारेच आहेत. माझी हनुवटी धरून उजेडाकडे केली.
“तुझा वर्ख केव्हाच गेलाय गं पोरी. रडून रडून धुऊन काढलायस. लेकीचा कसा कोरडा आहे.”

मंगळवार
रडल्यावर खराब होतं. म्हणजे ठकू रडली तर तो उजवा —
चिमटा काढला. हसते. बाहुली खिडकीबाहेर फेकली. असू दे म्हणते. कांदा धरला डोळ्यापुढे, माझंच पाणी वाहतंय.
मारलं तिला. कधी हात उगारला नव्हता. डोळ्यात जरा आलं — नाही, नाही आलं.
मेणाचा वास येतोय. वर मावशींनी काडीला मेण लावलं —
जिना वाजतोय. ठकू खिदळते. तिला वाटतं खेळ आहे.
रड ना गं. ठकू. आईसाठी एकदाच रड —