यंदाची सातो निशिकी

यामागाता, २१ जून

प्रिय ताईस,
नाओएचा नमस्कार. तुझ्या गुडघ्याचं कळलं. उगाच जिने चढत बसू नकोस. इकडे मी ठीक आहे.

बागेचं विचारलंस. पावसाआधी चेरीवरचं प्लास्टिकचं छप्पर एकटीनेच चढवलं, त्यामुळे एकही फळ फुटलं नाही. रंगही सुरेख आलाय. चहूबाजूंनी इमारती झाल्यापासून रात्रीचा गारवा मिळत नाही, म्हणून फळ जरा मऊ पडतं, एवढंच.

दरवर्षीसारखा पहिला तोडा समोरच्या इमारतीत वाटला. मी औषध फवारते तेव्हा बिचारे खिडक्या लावून बसतात, तेवढं तर करायलाच हवं. सगळ्यांनी वाकून वाकून आभार मानले. "किती गोड!" म्हणाले. मी खूश. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरचे ओइकावा आजोबा कुंपणाशी आले.

"काय हो नाओएबाई, यंदा आमच्यावर राग आहे का?"

"का बरं?"

"आंबटढाण आहेत चेऱ्या! दात आंबले माझे."

मी हसले. "तुमचे दात खोटे आहेत, आजोबा."

"जीभ तर खरी आहे ना!"

ताई, तोडण्याआधी मी प्रत्येक झाडाची चेरी खाऊन बघितली होती.

फेब्रुवारीत ताप आला होता ना, तेव्हापासून तोंडाला चवच नाही. मिसो सूप काय नि कोमट पाणी काय, मला सारखंच. डॉक्टर म्हणतात, येईल कदाचित. तुला फोनवर सांगणार होते. पण तू म्हणाली असतीस, बाग वीक आणि ओसाकाला ये. हे होते तोवर कधी तोडायचं ते हेच ठरवायचे. हे गेल्यावर निदान माझी जीभ होती.

शेवटी आजोबांना खरं सांगितलं. तेव्हापासून रोज सकाळी काठी टेकत येतात, सातो निशिकी जातीच्या झाडाची एक चेरी खातात, "अजून नाही" म्हणतात आणि जातात. काल दोन खाल्ल्या. बिया मुठीत धरून जरा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "आज तोडा."

दिवसभर तोडल्या. संध्याकाळी वाडगा भरून घेऊन बसले. थंड आणि रसाळ, एवढंच कळलं. रडू आलं गं.

सोबतच्या खोक्यात त्याच आहेत. खा आणि नीट लिही. "छान" लिहू नकोस, तसं इथे सगळेच म्हणतात. आधी काय लागतं, मागून जिभेवर काय राहतं, सगळं लिही. थोड्या मी राखून ठेवल्यात. तुझं पत्र वाचत वाचत खाईन.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
नाओए