छत घासल्याची हकीकत

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. तुझी तब्येत ठीक आहे असं धरूनच लिहिते, कारण तू स्वतःहून काही कळवणार नाहीस हे मला पाठ आहे. बायकोचा गुडघा कसा आहे? (उत्तर तिलाच लिहायला सांग, तू ‘बरा आहे’ म्हणून मोकळा होशील.)

इकडे आमच्या इमारतीत ॲस्बेस्टॉसची तपासणी लागली. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत एक तंतू असतो, पत्रा कापला-घासला की तो उडतो आणि छातीत जाऊन बसतो म्हणे. जिन्यात नोटीस लागली तेव्हाच मी सांगून टाकलं, माझ्या शिवणाच्या खोलीला कुणी हात लावायचा नाही. तीस वर्षं त्या पत्र्यांखाली पोरी कटिंग शिकल्या, एकीनेही छताबद्दल तक्रार केली नाही (बाह्यांबद्दल केली, ते वेगळं). खोली धोक्याची ठरली तर क्लास बंद, आणि मग दिवसभर तुझ्या भावोजींचं तोंड बघत बसायचं. या वयात मला ते झेपायचं नाही.

पण परका माणूस येणार म्हटल्यावर घर कळकट कसं दाखवायचं? आदल्या दिवशी मी टेबलावर स्टूल ठेवून चढले आणि तारेच्या ब्रशने सगळं छत खसाखसा घासून काढलं, वर कोरडा झाडू फिरवला. तपासनीस आला (अंगभर पांढरा पोशाख, तोंडाला मुसकं), त्याने विचारलं, छत इतकं स्वच्छ कसं? मी कौतुकाने सांगितलं. तर तो बाबा एकेक पाऊल मागे घेत थेट दाराबाहेर. म्हणे असा पत्रा आधी पाण्याने भिजवायचा, मग नखाएवढा तुकडा काढून दुहेरी पिशवीत घालायचा. मी बजावलं, मशीनवर थेंब पडला तर याद राखा. शेवटी कपाटामागचा कोपरा दिला. मला मात्र बाहेर काढलं, माझ्याच खोलीतून! मीही समोर खुर्ची टाकून बसले, हलले नाही.

भावोजी फितूर निघाले. हे पत्रे मी आणि मेव्हण्याने स्वतः करवतीने कापलेत, असं छाती पुढे काढून सांगत होते. तपासनिसाने लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि विचारलं, “किती दिवस कापत होतात?”

निकाल काय यायचा तो येऊ दे. ही खोली मी सोडणार नाही.

तुझी ताई

ता. क. निकाल आला. तंतू आहे. हे पत्र शेजारणीच्या स्वयंपाकघरातून टाकते आहे. (मला कुणी काढलं नाही, मी स्वतः आले.) क्लासही सोमवारपासून इथेच, तिला अजून सांगायचं आहे.

आणखी ता. क. आम्हा दोघांच्या छातीचे फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, आज काही नाही, पण दरवर्षी दाखवत जा. तूही काढून घे, नाटकं नकोत. करवत यांच्या हातात होती, पण पत्र्याचं दुसरं टोक तू धरलं होतंस. मी चहा घेऊन आले तेव्हा तुमच्या दोघांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, आणि मी पोट धरून हसले होते. फोटो काढलास की कळव. या वेळी कळव रे.