कितवा महिना?

संगमनेर, ९ डिसेंबर

सुहास,

नमस्कार. तू बरा असशीलच. तुला कधी काही होत नाही, जे व्हायचं ते आसपासच्यांना होतं. इथे थंडी चांगली पडली आहे. कॉलेज सुरू आहे, मी रजेवर. आमची लीनाताई नाशिकहून येऊन राहिली आहे. एवढं क्षेमकुशल पुरे.

भंडारदऱ्याला जाताना मित्रांना गाडीत बसवून तू वर आलास. वर्षभर वेगळं राहिलेल्या बायकोच्या दारात उभा राहून पोटाकडे बघितलंस आणि हसून विचारलंस, "कितवा महिना?" मी गप्प. "एकटं राहणं मानवलेलं दिसतंय," म्हणालास आणि जिना उतरलास. दुसऱ्या दिवशी तुझ्या आईंचा लीनाताईला फोन. "कुणाचं आहे, तेवढं कळू दे."

कुणाचंच नव्हतं. पाणी होतं. दिवाळीआधी माझं पित्ताशय काढलं. टाके सुकले आणि पोट फुगायला लागलं. आधी गॅस म्हणाले. तू आलास त्याच सकाळी सोनोग्राफी बघून डॉक्टर म्हणाले, "पाणी साठतंय, पण का, ते आत्ता सांगता येत नाही." तेच मी तुला सांगणार होते.

नंतर सुई घालून पाणी काढलं. पित्त गळत नाही, यकृत ठीक, कॅन्सर दिसत नाही. कारण सापडलेलं नाही.

लीनाताईने आईंना हे कळवलं, तेव्हा तुझा मेसेज आला. "गैरसमज झाला. नगरला ये."

गैरसमज? अकरा वर्षं तू नातेवाइकांत सांगत आलास की दोष मधूत आहे. तपासण्या माझ्या, इंजेक्शनं मला, उपास मला. तू म्हणायचास, "माझं मी बघून घेतलंय, सगळं नॉर्मल आहे." आणि पोट दिसताच, क्षणभरही न अडखळता, मला गरोदर ठरवलंस. जिला मूल होऊच शकत नाही, तिच्याबद्दल असं कुणाच्या मनात येईल? तुला माहीत होतं, सुहास. पहिल्यापासून.

मी गप्प का राहिले, ते लीनाताईलाही सांगितलेलं नाही. माझ्या पोटाकडे बघून कुणीतरी एकदा तसं विचारलं, ते क्षणभर कानात राहू द्यावंसं वाटलं. विचारणारा तू होतास, एवढंच खुपलं.

पाणी पुन्हा साठतंय. गुरुवारी नाशिकला दाखल होते आहे, दुर्बिणीने आत बघणार आहेत. भीती वाटते. तरी येऊ नकोस. वकिलांची नोटीस येईल, ती घे. आईंना खरं सांगणं तुला जमायचं नाही, म्हणून त्यांना मी वेगळं लिहिलं आहे. ते आज पोस्टात पडलं.

आता तुझी कुणी नसलेली,
मधुवंती