रिलीव्हर

अप्पा, आज दुपारीही डोळा लागला नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दिवेलागणीला माझा कान दाराच्या कडीकडेच असतो.

रावपुऱ्यातल्या आपल्या घरी केबल आली त्या सुमाराला तुमच्या डोक्यातून माणसं एकेक करून उतरायला लागली. मला तुम्ही परक्या बाईला म्हणावं तसं गुजरातीत ‘बेन’ म्हणू लागलात. जन्मभर नोकरी केलीत ते रेल्वे स्टेशन तेवढं उतरलं नाही. रिटायर होऊन किती काळ लोटलेला, तरी संध्याकाळ झाली की तुम्ही इस्त्रीचा शर्ट मागता, चपला घालता, कडी काढता. नाइट ड्युटी आहे म्हणता. दादा अमेरिकेतून फोनवर सांगतो, झोपेची गोळी द्या. गोळीने तुम्ही दिवसभर पेंगता आणि रात्री पुन्हा दाराशी. इकडे मी शाळेत शिकवताना फळ्याकडे तोंड करून उभ्या उभ्या डुलकी काढते, आणि वर्गातल्या मुली मला जाग येऊ नये म्हणून गप्प बसतात.

एका संध्याकाळी मी रडकुंडीला येऊन दार अडवलं. तुम्ही मला नीट न्याहाळलंत.

“रिलीव्हर आला का?”

लहानपणी तुमचा डबा घेऊन स्टेशनवर यायचे, तेव्हा हा शब्द ऐकलेला. तुमच्या जागी येणारा माणूस उशीर करायचा आणि तुम्ही खुर्चीला चिकटून. घरी चला म्हणून मी हट्ट केला, तर रागावला होतात, चार्ज दिल्याशिवाय माणूस सुटत नाही.

“मीच रिलीव्हर,” मी म्हटलं. “चार्ज घेतला. तुम्ही घरी जा, अप्पा.”

“बाई पाठवली? बरं,” म्हणत तुम्ही चपला काढल्यात. पलंगावर पडता पडता बजावलंत, “बेन, झोपायचं नाही हं.”

आणि घोरायला लागलात. मग रोज संध्याकाळी आपलं हेच. तुम्ही शेवटपर्यंत शांत झोपलात. मी तेव्हापासून जागी आहे.

परवा वासण्याहून माझी लेक आली. माझे डोळे पाहून उशाशी बसली. “मम्मी, सुई जा ने, झोप आता. मी आहे ना जागी.”

तिला दोनच शब्द सांगायचे होते, चार्ज दिला. ओठांवर आले होते. पण चार्ज दिला की माणूस सुटतो, हे तुम्हीच शिकवलंत. मला अजून सुटायचं नाहीये, अप्पा. मी डोळे मिटून झोपल्याचं नाटक केलं.