नयनाची गाडी सव्वासहाला

अहो,

कॉटच्या स्प्रिंगा काढून तुम्ही हॉलमध्ये जे ट्रॅम्पोलीन बांधलंय, त्याच्यावरून नयनाची ट्रंक बाहेर काढताना माझी नडगी सोलली. उड्या मारून गुडघे, पचन, झोप कशी सुधारते, हे शेजारच्या कृष्णमूर्तींना तुम्ही तासतासभर सांगता. आणि केनियाच्या इस्पितळात वर्षभर बिनपगारी काम करून काय शिकायला मिळेल, हे आपली मुलगी सांगायला बसली, की "फुकट राबायला डॉक्टर केलं का?" म्हणून उठून जाता.

मी तिला पोचवायला सिटी स्टेशनवर जातेय. जेवण झाकलंय, पण ते परत आल्यावर खा. "बाबा नाही यायचे," असं म्हणत ती रडली. मी "येतील" म्हणून बसलेय. मला खोटं पाडू नका.

प्रेमा