आईने वेचलेल्या एरंडाच्या बिया

८ मार्च १९८६, मुलुंड
ताईचं वर्षश्राद्ध झालं. घरी आल्यावर आईने माझा हात धरला आणि स्वतःच्या काखेत लावला. गाठ. ताईला होती तिथेच, तशीच. "कोणाक सांगू नको." झोप नाही.

११ मार्च
आई कधी नव्हे ते माझ्या नोकरीबद्दल विचारत होती. तिने विचारलं याचंच बरं वाटलं, म्हणून सांगत बसले. अंधेरीच्या आमच्या लॅबमध्ये एरंडाच्या बियांतलं विष वेगळं करतो. ते अँटिबॉडीला जोडायचं. अँटिबॉडी कॅन्सरची पेशी ओळखून चिकटते, विष आत जाऊन तिला मारतं. सध्या फक्त काचेच्या बशीत. हे शेवटचं तिने ऐकलं की नाही, कोण जाणे.

१५ मार्च
हॉस्पिटलची २७ तारीख मिळाली. आई म्हणते, "नको गो. तिचे केस गेले, तोंड आला, पाणी गिळवना नाय. आणि मगे गेलीच ना?" मी भांडी आपटत घासली.

१९ मार्च
तांदळाच्या डब्यात पुरचुंडी सापडली. एरंडाच्या बिया. बिल्डिंगमागच्या नाल्यावरून वेचलेल्या.
"खाल्लीस?"
"नाय अजून. एकादशीक घेवचा म्हणत होतंय."
"आई, जीव जाईल!"
"तुमच्या बशीत कॅन्सराक मारता, आणि माका मारतला?"
"ते विष आंधळं असतं गं. ओळखणारं दुसरं असतं, ते त्याला जोडावं लागतं."
"मगे दी जोडून."
लॅबचे साहेब स्वतः म्हणतात, माणसाला द्यायला अजून खूप अवकाश आहे. बिया लॅबमध्ये नेऊन टाकल्या. दिवसभर मापं चुकत होती. संध्याकाळी जवळजवळ धावतच घरी. आई टीव्हीसमोर शेंगा सोलत बसलेली.

२५ मार्च, होळी
सोसायटीवाल्यांनी मागचाच एरंड तोडून होळीत मधोमध उभा केला. तळमजल्यावरचे सावंत ओरडले, "काकी, शेंडा ठेवू काय तुमका? पोट साफ होईल!" आई हसली. ताई गेल्यापासून पहिल्यांदा. मला हसू येईना. नाल्याकडेला असे अजून कितीतरी एरंड आहेत.
नैवेद्य दाखवून वर आल्यावर म्हणाली, "परवा सुट्टी घी. एकटी जावचंय नाय मी."

२७ मार्च
डॉक्टरीणबाईंनी तपासलं. सोमवारी सुईने तुकडा काढणार.
"घरात याआधी कोणाला कॅन्सर होता?"
"मोठ्या मुलीला," मी म्हटलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे.
बाहेर बाकावर आईला विचारलं, "सोमवारी येशील ना?"
ती पाणी प्यायली, बाटलीचं झाकण लावत बसली. मग म्हणाली, "तू सोताचा कधी बघलंस काय गो?"
हो म्हटलं.
बघितलेलं नाही.